चिरेतला निळा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती कडाक्याचीच. परवा सकाळी दिंडोरीच्या बसमध्ये बसले होते. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागांमधून धूर निघत होता. पारा फारच खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून शेतकरी बागेच्या कडेनं पाचोळा आणि ओली लाकडं पेटवून ठेवतात. तो धूर वर चढत नाही. मांडवाखाली, माणसाच्या छातीच्या उंचीला, पांढरा पट्टा होऊन पडून राहतो. त्यातून मफलर गुंडाळलेली डोकी तेवढी इकडून तिकडे जाताना दिसतात, खालची धडं दिसतच नाहीत.

शेजारच्या बाईंनी काच ओढून घ्यायला सांगितली. मी ओढली, पण वास आत येऊन बसला होता. ओल्या पाचोळ्याच्या धुराचा वास आला की माझ्या नाकात आणखी एक वास आपोआप मिसळतो, जळत्या वेल्डिंग रॉडचा. त्या एका हिवाळ्यात हे दोन्ही वास सकाळपासून आमच्या अंगणात एकत्र असायचे. तेव्हापासून ते सुटे करताच येत नाहीत.

दिंडोरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, अण्णांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. पुढे पत्र्याचं दुकान, मागे घर, मधे अंगण. द्राक्षाच्या मांडवाला लागणारे वाय अँगल, ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरचे सांगाडे, गेट, शेड, जे येईल ते काम. माझा धाकटा भाऊ योगेश त्यांच्याच हाताखाली शिकला. मी इंजिनिअरिंग करून नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनला लागले आणि सिडकोत राहायला गेले. घरी लोखंड सगळ्यांच्याच वाट्याला आलं होतं. त्यांच्या हातात खरं, माझ्यापुढे पडद्यावरचं.

योगेशला भंगार बाजारात फिरायचं वेड होतं. कधी एखाद्या जाडजूड जुन्या गाडीचा पुढचा फोर्क घेऊन यायचा, कधी पोचे पडलेली टाकी, कधी नुसतंच मागचं चाक. सगळं दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. आई म्हणायची, "घराचा उकिरडा केला ह्या पोरानं."

मी एकदा विचारलं, "ह्याचं करणार काय तू?"

"गाडी बनवायची, ताई. तोंड ह्याचं, टाकी त्याची, इंजिन माझ्या गाडीचं. फ्रेम तेवढी आपली. कुठल्याच कंपनीची नाही. तू काढ, अण्णा जोडतील."

अण्णा ग्राइंडर चालवत होते. न बघताच म्हणाले, "आधी ते गेट पोच कर."

हे बोलणं आमच्या घरात इतक्या वेळा झालं की त्याचा कुणाला राग येईनासा झाला होता. कामं संपली की फ्रेम, असं ठरलेलं होतं. कामं संपत नव्हती.

योगेश गेला तेव्हा गणपती बसलेले होते. तो पेठला एका शेडचं माप घ्यायला गेला होता. परत येताना, सावळ घाट उतरून सपाटीला लागल्यावर, त्याची गाडी समोरून येणाऱ्या टेम्पोवर आदळली. रस्ता सरळ होता, पाऊस थांबलेला होता, दिवस होता. टेम्पो चालवणारा रामदास नावाचा पेठकडच्या एका पाड्यावरचा तरुण. तो पळून गेला नाही. त्यानंच योगेशला रस्त्याच्या कडेला घेतलं, गाड्यांना हात केले. पोलिसांना त्यानं पहिल्या क्षणापासून एकच सांगितलं, "मोटारसायकलचं तोंड आपोआप वळलं आणि ती माझ्या पुढ्यात आली." असं कोण मानणार? समोरच्याची चूक होती असं प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, लायसन्स गेलं. आई रोज सकाळी देवापुढे दिवा लावायची आणि त्याच देवापुढे त्या माणसाला शाप द्यायची. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.

दिवाळी गेली. म्हणजे शेजारी झाली. त्यानंतर पोलीस ठाण्यातून निरोप आला की पंचनामा वगैरे सगळं झालं आहे, गाडी घेऊन जा. अण्णा छोटा हत्ती घेऊन गेले आणि ती चेंदामेंदा झालेली निळी गाडी दुकानाच्या दारात उतरवून घेतली. पावसात पडून पडून तिच्यावर गंज चढला होता. सीटच्या फाटक्या फोममधून गवत उगवलं होतं. आईनं ती पाहिली आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती दुकानातून ये-जा करेना. मागच्या बोळातून रस्त्यावर जाऊ लागली.

सुट्टीच्या दिवशी मी आले तेव्हा अण्णा त्या गाडीसमोर स्टूल टाकून बसले होते.

"मनी," ते म्हणाले, "भंगारात नाय घालायची ही. इंजिन चांगलं हाय. त्याची गाडी करू. तू काढ, मी जोडतो."

योगेशचंच वाक्य होतं ते. मी नाही म्हणू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. हाताला काहीतरी हवं होतं.

आम्ही त्याच दुपारी गाडी उघडायला घेतली. फ्रेमची मान, म्हणजे हँडल ज्या जाड नळीत फिरतं ती नळी, मुख्य सांगाड्यापासून पूर्ण तुटून वायरींना लोंबकळत होती. धडकेत तुटली, असं पंचनाम्यात होतं. आम्हीही तेच धरून चाललो होतो. मी वायरी कापल्या, मान हातात घेतली आणि तुटलेलं तोंड फडक्यानं पुसलं. वरचा गंज निघाला.

नळीच्या तुटलेल्या कडेचा अर्धा भाग खडबडीत होता, साखरेचा खडा फोडावा तसा. तिथं लोखंड एका झटक्यात फाटलं होतं. उरलेला अर्धा गुळगुळीत होता. आणि त्या गुळगुळीत भागावर निळा रंग होता. आतपर्यंत गेलेला, पातळ, वाळलेला.

योगेशनं गाडी आदल्या वर्षीच्या दसऱ्याला रंगवली होती. त्याआधी ती काळी होती. चिरेत रंग उतरायचा तर रंगवताना चीर असायलाच हवी. म्हणजे ती मान दसऱ्याच्या आधीपासून अर्धी फाटलेली होती, आणि जवळजवळ वर्षभर तो त्या अर्ध्या लोखंडावर दिंडोरी, नाशिक, पेठ करत होता. अर्धं लोखंड दमत दमत सरळ रस्त्यावर कधीतरी सुटलं. हँडल हातात राहिलं आणि गाडी गेली.

चीर जिथं सुरू झाली होती तिथं वेल्डिंगचा एक जुना टाका होता. आमच्याच दुकानात मारलेला. मानेला बारीक रेघ दिसते म्हणून योगेशनं तो मारून घेतला होता. नीट करायचं तर रेघेच्या दोन्ही टोकांना भोक पाडावं लागतं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग रेघ घासून खोल करायची, मग भरायची. त्या टाक्याखाली ना भोक होतं, ना घासल्याची खूण. वरून नुसती भर घातली होती. वरून तो टाका सुरेख दिसत होता. अण्णांचा टाका नेहमीच सुरेख असतो, एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखा. आमच्या तालुक्यात तो कुणीही ओळखील.

मी मान अण्णांच्या पुढे धरली. "अण्णा, ह्यात रंग आहे."

"दिसलं मला."

"म्हणजे धडकेच्या आधी—"

"दिसलं म्हटलं ना."

बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला.  मग ते म्हणाले, "संध्याकाळ झाली व्हती. ब्लोअर द्यायचा व्हता. त्यो म्हणला, अण्णा, नीट नंतर करू, आता चालण्यापुरतं मारा."

"हे सांगायला पाहिजे. तो रामदास खरं बोलत होता."

अण्णांनी मान माझ्या हातातून घेतली, बारदानात गुंडाळली, फळीवर ठेवली. "सांगतो," ते म्हणाले. "फ्रेम होऊ दे. फ्रेम झाली की सांगतो."

मला वाटलं, चार सुट्ट्यांचं काम आहे. इतका वेळ माणसाला द्यावा. ज्याला स्वतःच्या तोंडानं बायकोला असं काही सांगायचं आहे, त्याला श्वास घ्यायला तेवढी जागा लागणारच.

फ्रेम काढणं म्हणजे वेगवेगळ्या घरची माणसं एका पंगतीला बसवणं. फोर्क एका जड गाडीचा, त्याचा घेर मोठा. मागचं चाक दुसऱ्या गाडीचं, त्याचा आस बारीक. इंजिनाला धरायच्या जागा तिसऱ्याच मापाच्या. दुकानाच्या कोब्यावर मी खडूनं पूर्ण मापात चित्र काढलं. दोन चाकांची वर्तुळं, मधे इंजिन, आणि मग पुढची तिरपी रेघ, मानेची. सगळा जीव त्या रेघेच्या तिरपेपणात असतो. जास्त कलली तर गाडी सरळ सुरेख पळते पण वळायला जड जाते. कमी कलली तर पाखरासारखी वळते, पण वेगात थरथरते. मी ती रेघ पुन्हा पुन्हा पुसून काढत होते. अण्णा उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "आणखी थोडी आडवी घे. सरळ चालू दे तिला."

फ्रेम जोडताना सगळं जागच्या जागी घट्ट धरून ठेवायला साचा लागतो. तो आम्ही द्राक्षाच्या वाय अँगलचा केला, तेच दुकानात होते. नळ्या वाकवताना त्या चेपू नयेत म्हणून आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करायची, मग तापवून हळूहळू ओढायचं. सकाळच्या गारठ्यात ती लालभडक नळी धरून आम्ही दोघं वाकलेलो असायचो, तोंडातून वाफा निघायच्या, मागच्या बागेतला धूर अंगणात यायचा. शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू झाला की औषधाचा आंबूस वास यायचा. बायका वेलींखाली मणी फुगवायच्या औषधाची वाटीसारखी भांडी घेऊन त्यात घड बुचकळत जायच्या. कुठंतरी रेडिओ वाजायचा. जगाचं सगळं सुरळीत चाललेलं असायचं आणि त्याचा मला फार राग यायचा.

अण्णांनी पहिला जोड मारला तेव्हा मी त्यांचे हात पाहत होते. आयुष्यभर जे हात कधी अडखळले नाहीत ते अडखळत नव्हतेच, पण थांबत होते. जोड निवला की ते त्यावर रॉकेल लावायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि खडूची पूड फासायचे. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटत नव्हती. ते उन्हात नेऊन बघायचे, बॅटरी धरून बघायचे. मग पुढच्या सुट्टीला मी यायचे तर तोच जोड कापलेला असायचा.

"काय झालं ह्याला?"

"मला पटला नाय."

आधी मला वाटलं, ही शिक्षा आहे, स्वतःला दिलेली. चांगला जोड मारून मारून तो एक वाईट जोड पुसायचा चालला आहे. मार्गशीर्ष गेला. पौष लागला. फ्रेम साच्यात कधी चार नळ्यांची असायची, कधी सहा, पुन्हा चार. मग एका सकाळी, कापलेल्या नळीचं तोंड हातात धरून बसलेल्या अण्णांकडे बघताना, मला कळलं. ती फ्रेम होणारच नव्हती. फ्रेम झाली की सांगायचं होतं. अण्णा दिवसा जोडत होते आणि सांगायची वेळ आली की कापत होते.

"अण्णा, किती दिवस?" मी विचारलं.

"मानेचा राहिलाय अजून."

"मी सांगू का आईला?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे वेल्डिंगनं नेहमी लाल असतात तसेच लाल होते. "तू नको, बाळ," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकलं तर ती मला कधी इचारणार नाय. आन् मला कधी सांगता येणार नाय."

मी त्या दिवशी जेवल्याशिवाय निघून आले. सिडकोत येऊन पुन्हा पडद्यावरच्या नळ्या फिरवत बसले. पडद्यावर जोड कधी फसत नाहीत. एक रेघ दुसरीला मिळते आणि तिथं लोखंड असल्यासारखं दिसतं.

संक्रांतीच्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी गेले. योगेश गेल्यानंतरची पहिलीच संक्रांत, तिळगूळ नव्हता. आई परसात तूर निवडत बसली होती. गल्लीतली मुलं गच्चीवरून पतंग उडवत होती. अण्णा साच्याजवळ होते. दुपारी दुकानाच्या दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. आखूड नेसलेलं लुगडं, पायात रबरी चपला, काखेत पिशवी. बसमधून उतरून विचारत विचारत आली होती.

"योग्येशचा घर हाच का?" तिनं विचारलं.

अण्णा उठले. "मी त्याचा बाप."

"मी रामदासची आय."

आई आवाजानं पुढे आली होती. कित्येक दिवसांत ती प्रथमच दुकानात पाय ठेवत होती. तिनं ते नाव ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला.

"कशाला आली तू हितं?" आई म्हणाली. "आमचं काय राह्यलंय न्यायचं? चालती हो."

ती बाई हलली नाही. हात जोडले नाहीत, रडली नाही. पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली, लांब चालून आलेलं माणूस बसतं तशी.

"माझा पोर बोलत नाय आता," ती म्हणाली. "जेवत नाय धड. कामाला नेला तर बागेत नुसता उभा राहतो. एकच सांगतो, आये, गाडीचा तोंड आपसूक वळला, मी काय करू. लोक हसतात त्याला. मलाबी वाटतं, खोटा बोलतो का काय. मी आय हाय, तरी मला वाटतं." ती अण्णांकडे वळली. "तुम्ही लोखंडाची माणसा. तुम्हाला ठाव असल. म्हणून आले. गाडीचा तोंड आपसूक वळतं का?"

गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, पोरं ओरडली. आई म्हणाली, "अहो, हिला घालवा बाहेर."

अण्णा साच्याला हात टेकून उभे होते. 

"वळतं," ते म्हणाले.

मग ते फळीकडे गेले, बारदान काढलं, मानेचा तुकडा दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. त्यांनी कुठं तुटलं, कधीपासून तुटत होतं, रंग कसा उतरला, सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही. गिऱ्हाइकाला काम समजावून सांगतात तसं सांगितलं. आईला लोखंडातलं फारसं कळत नाही, पण निळा रंग तिला कळला. त्या दसऱ्याला योगेशच्या हाताचा तो रंग तिनंच रॉकेलनं पुसून काढला होता.

"हा जोड कुणी मारला व्हता?" तिनं विचारलं.

"मी."

 आई वळली, आत गेली. मला वाटलं ती दार लावून घेईल. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि रामदासच्या आईपुढे ठेवला. अण्णांकडे पाहिलं नाही.

फ्रेम तशीच साच्यात सोडून अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले. मीही बरोबर होते. तिथला साहेब माणूस चांगला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पोरगा गेलाय तुमचा. आता हे उकरून तुमच्याच अंगावर घेताय. घरी जा, शांत व्हा."

अण्णा म्हणाले, "साहेब, लिहून घ्या."

पुढचं सगळं फार सावकाश झालं. तुकडा तपासायला गेला, जबाब झाले, तारखा पडल्या. रामदास सुटला, पण सुटायला इतका काळ गेला की सुटण्यातला आनंद कुणाला राहिला नव्हता. भाऊबंदात आमच्याविषयी बोललं गेलं. बापानं पोरगा मारला आणि वर गावभर सांगत सुटला, असं माझ्या चुलत्यानंच एका लग्नात म्हटलं. अण्णा पंगतीत बसले होते. त्यांनी पानावरचं संपवलं आणि उठले.

रामदास आता गाडी चालवत नाही. छाटणीच्या टोळीबरोबर आमच्याच भागात येतो. कधी दुकानावरून जातो. अण्णांना बघून तो नजर चुकवत नाही, पण थांबतही नाही. एकदा मी विचारलं, तुम्ही का बोलावत नाही त्याला? अण्णा म्हणाले, "बोलावून काय सांगू?"

आणि आई. आई त्यांना सोडून गेली नाही. मामानं न्यायला गाडी आणली होती, ती परत पाठवली. ती स्वयंपाक करते, त्यांचं ताट वाढते, दुखलंखुपलं बघते. फक्त एका जागी दोघं बसलेली मला त्यानंतर कधी दिसली नाहीत. त्या संक्रांतीनंतर काही दिवसांनी, मी परसात तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मनी, त्याला कळलं आसंल का गं?"

"काय?"

"हँडल सुटलं तवा. त्याला कळलं आसंल का, कुठला जोड सुटला ते?"

मी खूप विचार केला. मी ती धडक कारखान्यातल्या संगणकावर, वेळ, वेग, अंतर घालून, नको तितक्या वेळा मांडून पाहिली होती. "नाही आई," मी म्हणाले. "तेवढा वेळच नव्हता." हे खरं होतं. पण वेळ नव्हता म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.  मी तेल जिरवत राहिले.

फ्रेम नंतर आठवड्याभरातच पुरी झाली. आता ती अडवून धरण्याचं काही कारण राहिलं नव्हतं. मानेला अण्णांनी दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या दिल्या, एवढ्या जाड की मला त्या बोजड वाटल्या.  तिला पासिंग मिळणार नव्हतं. जिला कुठल्याच कंपनीची खूण नाही अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे योगेशलाही ठाऊक असणार. बागा रिकाम्या व्हायला लागल्या होत्या, क्रेटनं भरलेले ट्रक मुंबईकडे निघत होते. अण्णांनी गाडी मागच्या शेतरस्त्यावर नेली, चालू केली, दुसरा गिअर टाकला आणि दोन्ही हात हँडलवरून उचलले. मी धावत होते मागून. गाडी सरळ गेली. खडीचा, चाकोऱ्यांचा रस्ता, तरी सरळ. बांधाशी त्यांनी ती बंद केली आणि ढकलत परत आणली. तेवढा रस्ता ढकलायला त्यांना फार वेळ लागला.

परवा मी गेले ती सहज गेले होते. दुकानात एक माणूस अण्णांशी वाद घालत होता. चाळिशीचा असेल, बागेवर औषधं पोचवण्याचं काम करणारा, गाडीला दोन्ही बाजूंना खोकी बांधलेली. त्याच्या फ्रेमला मानेजवळ बारीक रेघ पडली होती.

"अहो काका, चालण्यापुरता एक टाका मारा," तो म्हणत होता. "मला वणीला जायचंय. नीट नंतर करतो."

"नाय मारणार. गाडी ठेवून जा."

"ठेवून जा म्हणजे? दुसऱ्याकडे मारून घेतो मी."

त्यानं गाडीला चावी लावली. अण्णांनी हात पुढे करून चावी काढून घेतली आणि मुठीत धरली. तो माणूस चिडला. वयाचा मान ठेवून बोलतोय म्हणाला, ही काय पद्धत झाली म्हणाला, मुठीला हातही घातला. रस्त्यावरची दोन माणसं बघायला थांबली. मी मधे पडणार होते.

"माझ्या पोराच्या गाडीला मीच मारला व्हता टाका," अण्णा म्हणाले. "ह्याच जागेला. चालण्यापुरता."

त्यांनी ते कोर्टात सांगितलं होतं, ठाण्यात सांगितलं होतं. दुकानात, एका परक्या माणसाला, न विचारता, सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. त्या माणसाचा हात मुठीवर तसाच राहिला.

आई दारात आलेली मला दिसली नव्हती. हाताला पीठ होतं. ती त्या माणसाला म्हणाली, "ऐक त्यांचं. बसनं जा."

तो माणूस आधी तिच्याकडे, मग अण्णांकडे बघत राहिला. मग त्यानं खोकी सोडली, एक खांद्यावर घेतलं, एक मी उचलून रस्त्यापर्यंत नेलं. वणीकडे जाणारी बस यायला वेळ होता. त्यानं घरी फोन लावला. पलीकडची बाई काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, पण रागावली होती हे कळत होतं. तो फोन कानापासून जरा लांब धरून म्हणत होता, "अगं, हो. गाडी ठेवून येतोय. उशीर होईल. होईल म्हटलं ना उशीर. येतो मी."